नकाशातले मासे

दिवाळी जवळ आली की आमच्या खडवलीत अंगणाअंगणातून सह्याद्री उगवू लागतो. मुले घमेल्यांतून माती आणतात, दगडगोटे रचतात, त्यावर पोते टाकून चिखल लिंपतात आणि उतारावर हळीव पेरतात. तीन-चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. महाराज मातीचे, मावळे मातीचे, तोफाही मातीच्या. त्या साऱ्या पसाऱ्यात जिवंत काय असेल तर तेवढे हळीव. तरी पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. महाराजांची मूर्ती सुबक आहे असे कोणी मागाहून म्हणतो, आधी म्हणतो, "वा, हळीव छान उगवलंय हो!"

जिवंत वस्तूचे हे आकर्षण मला फार दिवस निष्पाप वाटत आले होते. आता तसे वाटत नाही. का, ते सांगण्यासाठी मला एक लहानशी आणि माझ्या दृष्टीने लाजिरवाणी हकीकत सांगावी लागेल.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरते. पुढचे जे काही शिकलो ते पुस्तकांनी आणि मुलांनी शिकवले. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विज्ञान प्रदर्शनाशी चित्रकलेच्या मास्तरांचा संबंध एरवी पुठ्ठे रंगवण्यापुरता आणि पाट्यांवरची अक्षरे काढण्यापुरता येतो. पण काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मला रंग न वापरता महाराष्ट्राचा नकाशा काढायचाय. पेरून." कल्पना मला विलक्षण आवडली. आम्ही लाकडी चौकटीत माती भरली आणि धान्ये निवडली. कोकणात भात, देशावर बाजरी, खानदेशात मका, मराठवाड्यात ज्वारी, वऱ्हाडात तूर, आणि मधून उभी सह्याद्रीची रांग हळिवाची. आठ-दहा दिवसांत नकाशा उगवला. प्रत्येक धान्याची हिरवाई वेगळी, उंची वेगळी. मी जन्मभर हिरवा रंग कालवत आलो, पण इतके हिरवे मला कधी साधले नव्हते.

इथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण माझ्यातल्या चित्रकाराला निळा रंग हवा होता. मीच सुचवले, "आपली भातसा दाखवू. पत्र्याची पन्हाळ बसवू, पाणी सोडू, आणि त्यात नदीतले चार जिवंत मासे." मुलगा हरखला. संध्याकाळी नदीवर जाऊन त्याने बोटाएवढे सहा मासे आणले.

प्रदर्शन तीन दिवसांचे होते, तालुक्यातल्या एका शाळेत. आमच्या नकाशाभोवती पहिल्या दिवसापासून झुंबड उडाली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मुलगा माझ्याजवळ आला. "सर, मासे वर येऊन तोंड उघडतायत. मी त्यांना नदीत सोडून येऊ का?" मी पाहिले. पाणी उथळ, वर फोकसच्या दिव्याची धग, आणि कोणा हौशी प्रेक्षकाने टाकलेले कुरमुरे फुगून तरंगत होते. मला सारे दिसले. तरी मी म्हणालो, "उद्या पाहुणे येऊन जाऊ देत रे. मग सोड." पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तोवर सहाच्या सहा मासे पोट वर करून पडले होते. मुलाने पाहुण्यांच्या आधी ते गोळा करून रुमालात बांधले होते. आम्हाला बक्षीस मिळाले. मुलगा ते घ्यायला व्यासपीठावर गेला नाही.

घरी आल्यावर मी ही गोष्ट सौ.ला सांगितली. ती स्वयंपाकघरात होती आणि, योगायोग पाहा, मासेच साफ करीत होती. म्हणाली, "अहो, दर बुधवारी तुम्हाला कालवण लागतं. सहा बोटभर माशांसाठी एवढं तोंड पाडून कशाला बसायचं?" मला उत्तर सुचले नाही. प्रश्न मात्र खरा होता, आणि तो डोक्यातून जाईना.

पुढे वाचता वाचता मला कळले की मी आणि माझ्या विद्यार्थ्याने भाबडेपणाने जे केले, ते जगात काही कलावंत पुऱ्या जाणिवेने करीत आहेत. ऑस्ट्रियातल्या लिंट्झ गावी १९७९ पासून कला आणि तंत्रविद्या यांचा एक मोठा सार्वजनिक उत्सव भरतो. त्याचे नाव आर्स इलेक्ट्रॉनिका. तिथे २००० साली ओरॉन कॅट्स आणि आयोनॅट झुर या जोडप्याने सात चिमुकल्या बाहुल्या मांडल्या होत्या. ग्वाटेमालात मुले झोपण्यापूर्वी आपल्या काळज्या छोट्या बाहुल्यांच्या कानात सांगतात म्हणे. त्या चालीवर या बाहुल्या केल्या होत्या. पण त्या कापडाच्या नव्हत्या. विरघळून जाणाऱ्या एका कृत्रिम धाग्याचा सांगाडा करून त्यावर जिवंत पेशी वाढवल्या होत्या. काचेच्या भांड्यात, उबदार पोषक द्रवात त्या बाहुल्या जगत होत्या. सांगाडा विरघळत जाणार आणि त्याची जागा पेशी घेणार, अशी ती योजना. करणाऱ्यांनी त्यांना जिवंत म्हटले नाही, निर्जीवही म्हटले नाही; अर्धजीवी म्हटले.

मला त्या बाहुल्यांपेक्षा त्यांच्याभोवतीचा विधी अधिक विचार करायला लावतो. अशा कलाकृती मांडल्या की हे कलावंत प्रेक्षकांसमोर त्यांना वेळच्या वेळी पोषक द्रव भरवतात. आणि प्रदर्शन संपले की त्यांना भांड्यातून बाहेर काढतात आणि प्रेक्षकांना हात लावायला सांगतात. आपल्या हातांवरचे जंतू त्यांच्यावर चढतात आणि पेशी मरतात. म्हणजे जो पाहायला आला त्याच्याच बोटाने शेवट. "मी फक्त बघायला आलो होतो," असे म्हणण्याची सोयच ठेवलेली नाही.

याच दोघांनी पुढे उंदराच्या पेशींचा दोन इंच उंचीचा एक कोट वाढवला. कातडे आहे पण जनावर मारलेले नाही, असा त्याच्या नावाचा भाव होता. २००८ साली तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ठेवला गेला. तिथे तो अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढू लागला. नळ्या तुंबल्या, एक बाही सुटू लागली. शेवटी पाओला अँटोनेली या प्रदर्शन-संचालिकेला त्याचे पोषण बंद करावे लागले. एका कोटाला मारायचे म्हणून आपल्याला रात्री झोप लागली नाही, अशी कबुली त्या बाईंनी मागाहून दिली. हे वाचून हसू येते. पण मला रुमालात बांधलेले सहा मासे आठवले आणि हसू मावळले.

आता विचार केला पाहिजे. त्या कोटाला मेंदू नव्हता, मज्जातंतू नव्हते. त्याला दुःख झाले असण्याचा संभव नाही. अंगणातल्या हळिवाचीही तीच कथा. माशाची गोष्ट वेगळी. तो तडफडतो, पाण्याच्या वर तोंड काढून श्वासासाठी झगडतो. तेव्हा जिवंत म्हणून सारे एका मापाने मोजता येणार नाही. जगदीशचंद्र बोसांनी वनस्पतींच्या सूक्ष्म हालचाली यंत्राने टिपून जगाला दाखवल्या, आणि तुकोबांनी तर त्यापूर्वीच झाडांशी सोयरीक सांगितली होती. तरी मेथीची जुडी निवडताना आपला हात थरथरत नाही, आणि थरथरू नये. मग पेशींच्या कोटासाठी बाईंची झोप का जावी?

मला वाटते, दुःख कोटाला होत नव्हते, पण जबाबदारी बाईंची होती. जे आपण जगवायला घेतले ते आपल्या हाताने थांबवायचे, एवढ्याने माणूस अस्वस्थ होतो. मातीची मूर्ती आपण मांडतो आणि झोपी जातो. जिवंत वस्तू मांडली की झोपी जाण्याची मुभा संपते. रंगाचा चित्रकार चित्र पुरे करून मोकळा होतो. जिवंत रंगाचा चित्रकार चित्र पुरे झाले की खऱ्या अर्थाने बांधला जातो. मी माझ्या नकाशाशी रंगाच्या चित्रकारासारखा वागलो. तो पुरा झाला तेव्हाच माझे काम संपले, असे मी धरून चाललो.

डिसेंबर २०१७ मध्ये पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये सोफिया नावाची यंत्रबाई साडी नेसून आली होती आणि तिने हजारो पोरांशी गप्पा मारल्या. तिला पाहून लोक थक्क झाले. पण कार्यक्रम संपल्यावर तिची कळ बंद करताना कोणाचे मन खट्टू झाले असेल, असे मला वाटत नाही. यंत्र जिवंतपणाचे सोंग आणते आणि आपण टाळ्या वाजवतो. लिंट्झच्या बाहुल्या उलट होत्या. त्या जिवंत असून खेळण्याचे सोंग घेत होत्या. सोंग उतरवल्यावर यंत्राखाली पत्रा निघतो, बाहुलीखाली जीव निघतो. म्हणून दुसऱ्या सोंगाला जास्त जपावे लागते.

सौ.च्या प्रश्नाचे उत्तर मला इथे थोडेसे सापडले. कालवणातला मासा हा मासाच असतो. तो मेला आहे, आपण तो खातो आहोत, हे पातेल्यापासून पानापर्यंत कोणी विसरत नाही. माझ्या नकाशात मात्र मासा मासा राहिलाच नव्हता. तो निळा रंग झाला होता. त्या पन्हाळीकडे शेकडो माणसांनी पाहिले आणि सगळ्यांना "भातसा" दिसली. एकट्या त्या मुलाला मासे दिसत होते. जिवाला मारणे हे एक पाप असेल किंवा नसेलही. माणसाला जगायला काही ना काही मारावेच लागते. पण जिवाला सामान समजणे, तो समोर तोंड उघडतो आहे तरी तो न दिसणे, हे मला अधिक वाईट वाटते. कारण ते भुकेपोटी होत नाही, टाळीपोटी होते.

यावर कोणी म्हणेल, मग उपाय सोपा आहे. जिवंत कलाकृती अशी करावी की तीत जीव लपणार नाही, उलट डोळ्यांत भरेल. कॅट्स आणि झुर यांचा दावा नेमका हाच आहे, आणि त्यात तथ्य आहे. २००३ साली फ्रान्समधल्या नांत शहरी त्यांनी बेडकाच्या पेशींपासून मांसाचे लहानसे तुकडे वाढवले. शेजारच्या टाकीत धडधाकट बेडूक ठेवले होते. शेवटच्या दिवशी मेजवानी मांडून ते मांस शिजवून खाल्ले गेले आणि बेडूक वनस्पतिउद्यानाच्या तळ्यात सोडले गेले. बेडूक जिवंत आणि त्याचे मांस ताटात! पण कोणी या अहिंसक मांसाचा जयजयकार करू लागला तर ते स्वतःच त्याला थांबवतात. पेशी वाढवण्यासाठी लागणारा रस त्या काळी वासरांच्या रक्तातून येई, आणि ते रक्त गाभण गाय कापल्यावर तिच्या पोटातल्या वासरातून काढलेले असे. म्हणजे हिंसा संपली नव्हती; नजरेआड गेली होती. कोटाच्या नावातला उपहास तो हाच. एवढे कडू सत्य सांगणारी कला मला दिखाऊ वाटत नाही.

तरीही हा उपाय पुरा नाही. त्याच २००० साली डेन्मार्कच्या एका संग्रहालयात मार्को एव्हारिस्टी या कलावंताने दहा मिक्सर मांडले. प्रत्येकात पाणी आणि एक सोनेरी मासा. बटण प्रेक्षकाच्या हाताशी. दाबायचे की नाही, ज्याचे त्याने ठरवावे. कोणीतरी दाबले. संग्रहालयाच्या संचालकांवर खटला झाला. मासे क्षणार्धात मेले, त्यांना यातना झाल्या नाहीत, म्हणून ते पुढे निर्दोष सुटले. इथे जीव लपला नव्हता. प्रत्येक प्रेक्षकाला मासाच दिसत होता, आणि त्याहून स्वतःचे बोट दिसत होते. माझ्या कसोटीला ही कलाकृती पुरेपूर उतरते. पण ती बरोबर होती असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तेव्हा दुसरी कसोटी हवी. धडा माणसाला मिळतो. त्याची फी कोण भरतो? लिंट्झच्या बाहुल्यांच्या धड्याची फी वेदनेत कोणी भरली नाही. मिक्सरच्या धड्याची माशाने भरली. माझ्या नकाशाचीही माशांनीच भरली, आणि मला तो धडा फुकट मिळाला. ज्याला विचारता येत नाही, ज्याला "नको" म्हणता येत नाही, त्याच्या खिशातून आपल्या शहाणपणाची किंमत काढू नये. एवढा नियम तरी मला निःशंकपणे सांगता येतो.

हा प्रश्न परदेशी कलावंतांचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडे जिवंत वस्तू मांडण्याची रीत फार जुनी आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग पकडून पुजण्याची आणि मिरवण्याची परंपरा होती. त्यामागे श्रद्धा होती, नाग हाताळण्याचे कसबही होते. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे उच्च न्यायालयाचे आदेश यांनी नागांच्या खेळांना लगाम घातला, तो "फी कोण भरतो" याच प्रश्नावरून. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली सोलहून आठ पेंग्विन आणले. त्यांतला एक त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावला. २०१८ च्या १५ ऑगस्टला तिथे पिल्लू जन्मले. भारतात जन्मलेले ते पहिले पेंग्विन. साऱ्या शहराने आनंद केला, आणि आठवडाभरात ते गेले. आमच्या शाळेतल्या पोरांनी त्या पिल्लाची चित्रे काढली होती. त्यांना काय समजवावे ते मला कळले नव्हते.

पण याच परंपरेत मला एक फार शहाणी गोष्टही दिसते. नवरात्रात घट बसतो. पत्रावळीवर माती, तीत धान्य, मधोमध कलश. नऊ दिवस रोज पाणी घालायचे, दिवा तेवत ठेवायचा, घर सोडून कोणी जायचे नाही. पिवळसर अंकुर वीतभर वाढतात. दसऱ्याला ते उपटून देवाला वाहायचे, टोपीत खोवायचे आणि उरलेले नदीत सोडायचे. ही जिवंत कलाकृतीच नव्हे काय? पण पाहा, तिच्यात काळ आधी ठरलेला आहे. रोज पाणी कोणी घालायचे ते ठरलेले आहे. शेवट कोणाच्या हातून आणि कसा, तेही ठरलेले आहे, आणि तो शेवट हिडीस नाही. शिवाय जीव निवडला आहे तो न दुखणारा. आमच्या आज्या-पणज्यांना जैवकला हा शब्द ठाऊक नव्हता. पण लिंट्झच्या भरवण्याचा आणि निरोपाचा विधी वाचताना मला आमच्या माजघरातला घटच आठवला. गंमत अशी की ते कलावंत नवा विधी शोधीत होते, आणि मी घरी विधी असून प्रदर्शनात तो विसरलो होतो.

बंगळुरूच्या सृष्टी या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी २००९ साली जिवाणूंत फेरफार करून त्यांच्याकडून पहिल्या पावसाच्या मातीचा वास काढण्याचा प्रयोग मांडला होता. वळवाचा पहिला शिडकावा होताच जो वास येतो, तो मुळी मातीतल्या सूक्ष्म जिवांनीच केलेल्या एका द्रव्याचा असतो. त्याला जिओस्मिन म्हणतात. हे वाचले तेव्हा मला आनंद झाला. इथे कोणी तडफडत नाही, आणि आपण ज्याला निर्जीव माती म्हणून तुडवतो तिच्यातले जीव मात्र नाकाला कळतात. जिवंत कला मुळातच नको, असे म्हणणाऱ्यांत मी नाही, तो अशा प्रयोगांमुळे.

शेवटी कादंबरीकार म्हणून एक कबुली. मी कादंबऱ्यांतून पुष्कळ माणसे मारली आहेत. एका नायिकेला तर केवळ शेवट उठावदार व्हावा म्हणून क्षयाने नेली. वाचक रडले, मी सुखावलो. कागदावर ते चालते, कारण तिथे मरणारा आणि मारणारा दोन्ही मीच असतो. कदाचित त्याच सवयीने मी त्या संध्याकाळी म्हणालो असेन, "उद्या पाहुणे येऊन जाऊ देत." माझ्या दृष्टीने ते कथानकातले एक लांबवलेले प्रकरण होते. माशांच्या दृष्टीने ती शेवटची रात्र होती.

पुढच्या वर्षी तो मुलगा नववीत गेला. प्रदर्शनाच्या वेळी तो येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. पण आला, आणि म्हणाला, "सर, नकाशा परत करू. यंदा मी सांगेन तसा." तीच चौकट, तीच धान्ये. भातसेच्या जागी त्याने नुसती कोरडी पन्हाळ ठेवली आणि शेजारी पुठ्ठ्याची लहानशी पाटी लावली. अक्षरे माझ्याकडून काढून घेतली. मजकूर त्याचा: "नदीतले मासे नदीत आहेत. खडवलीला उतरून बघावेत." परीक्षकांना तो आगाऊपणा वाटला असावा, त्या वर्षी बक्षीस मिळाले नाही. प्रदर्शन संपल्यावर मात्र आम्ही चौकट रिकाम्या हाताने उचलली नाही. त्याच्या आजीने दोन शेळ्या बाळगल्या होत्या. कोकणापासून वऱ्हाडापर्यंत साऱ्या महाराष्ट्राचे कोवळे पीक त्याने स्वतःच्या हाताने उपटून त्यांना घातले. दोघी शेळ्या मन लावून खात होत्या आणि तो शेजारी उभा राहून ते पाहत होता.

यंदाही अंगणात किल्ला झाला आहे. हळीव उगवले आहे. आमची धाकटी सकाळी उठून, फराळाला बसण्याआधी, तांब्या घेऊन तिथे जाते. तिला कोणी सांगितलेले नाही. मी खिडकीतून पाहतो आणि मुकाट्याने चकली मोडतो. तुळशीचे लग्न झाले की किल्ला उतरवायचा, असे तिने आताच जाहीर केले आहे, आणि हळीव कोणाच्या शेळीला द्यायचे तेही ठरवून ठेवले आहे.